सूर्यास्ताची वही

बेल्जियममधील अँटवर्प हे हिऱ्यांच्या व्यापाराचे जुने शहर. तेथील मध्यवर्ती रेल्वे स्थानकाला लागून असलेल्या काही गल्ल्यांत पिढ्यान्‌पिढ्या कच्च्या व पैलू पाडलेल्या हिऱ्यांची खरेदी-विक्री चालत आली आहे. गेल्या काही दशकांत या पेठेत भारतीय पेढ्यांचा वाटा मोठा झाला. त्यांत पालनपूरकडील जैन घराणी बरीच आहेत. विलरिक उपनगरात जैन समाजाचे संगमरवरी जिनमंदिरही उभे आहे.

अशाच एका पेढीवर हुपरीचा एक तरुण विक्रीचे काम पाहतो. घरचा धंदा चांदीचा. हा मात्र हिऱ्यांकडे वळला. त्याची पत्नी सांगलीची, हळदीच्या व्यापाऱ्याची लेक. लग्नानंतर वर्षभरातच दोघे अँटवर्पला गेले. शेजारपाजार चांगला होता, मंदिरात भेटणाऱ्या स्त्रिया मायाळू होत्या. परंतु त्यांची बोली गुजराती, रस्त्यावरची भाषा डच. मराठीत बोलायचे ते घरात, आणि घरात बहुतेक वेळ कोणी नसे.

सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा नेम दोघांच्याही घरचा. सांगलीत तो पाळणे अवघड नाही. हिवाळ्यात सहाच्या आणि उन्हाळ्यात सातच्या सुमारास सूर्य मावळतो. अँटवर्पचे गणित वेगळे आहे. तेथे जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो आणि डिसेंबरात दुपारी ४ वाजून ३५ मिनिटांच्या आसपास दिवस संपतो. त्यामुळे हिवाळ्यात ती चारच्या आतबाहेर एकटीच जेवून घेई. तो सात वाजता घरी येई, झाकून ठेवलेले अन्न गरम करून घेई आणि मान खाली घालून जेवे. त्याचा नेम पहिल्याच हिवाळ्यात सुटला होता. त्याविषयी तिने कधी शब्द काढला नाही, आणि तिच्या मौनाचे कारण त्याने कधी विचारले नाही.

लग्नाचा पाचवा वाढदिवस डिसेंबरात होता. पेढीवरच्या सहकाऱ्यांनी अंगठीचा आग्रह धरला. हिऱ्यांच्या पेठेत काम करणाऱ्याने बायकोला दुसरे काय द्यावे? त्याने एक लहानसा, स्वच्छ खडा निवडून बाजूला ठेवला. एका कॅरेटचे वजन २०० मिलिग्रॅम. त्याचाही शंभरावा भाग या पेठेत मोजला जातो. दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगातून त्याने तो खडा तीनतीनदा पाहिला. डाग नव्हता.

नोव्हेंबरच्या अखेरीस एके दिवशी काही कागद घरी राहिले म्हणून तो दुपारी चारला परतला. स्वयंपाकघराच्या दारातून त्याला ती पाठमोरी दिसली. समोर ताट होते आणि पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवलेला फोन. फोनवर तिची आई होती. सांगलीत तेव्हा रात्रीचे साडेआठ वाजले होते. आईचे जेवण होऊन दोन-अडीच तास लोटले असतील. ती माउली काही विशेष बोलत नव्हती. लेकीचे जेवण होईपर्यंत नुसती समोर बसून होती. मध्येच म्हणाली, “भात घे अजून थोडा.”

तो कागद न घेताच, आवाज न करता परत फिरला. रोज त्याच वेळी ती माय तशी बसत असणार, हे त्याला विचारावे लागले नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने खडा परत केला आणि शेठजींपुढे एक प्रस्ताव ठेवला. सकाळी सातला पेढी उघडण्याची जबाबदारी त्याची. त्या वेळी भारतात साडेअकरा वाजलेले असतात, तेव्हा मुंबई-सुरतेची सारी कामे तो दुपारच्या आत उरकील. मात्र फेब्रुवारीअखेरपर्यंत त्याला सूर्यास्तापूर्वी घरी पोहोचण्याइतके लवकर सोडावे. दुपारनंतर येणाऱ्या खरेदीदारांशी बोलणी हेच त्याचे कमाईचे काम होते. तीन महिन्यांचा तो हिस्सा त्याने सहकाऱ्याला देऊ केला. शेठजींनी विचारले, “घरी कोणी आजारी आहे का?” तो म्हणाला, “नाही. घरी कोणी एकटे जेवते.” शेठजी थोडा वेळ गप्प राहिले आणि मग हो म्हणाले.

वाढदिवसाच्या दिवशी त्याने तिच्या हाती लाल कापडी बांधणीची एक वही ठेवली. दिवाळीच्या पूजनासाठी हुपरीहून येत तशीच. पहिल्या पानावर ‘श्री’ आणि ‘शुभ लाभ’. आत रकाने आखलेले: तारीख, सूर्यास्ताची वेळ, पेढीवरून निघण्याची वेळ, घरी पोहोचण्याची वेळ. पहिले तीन रकाने फेब्रुवारीच्या शेवटच्या दिवसापर्यंत त्याने स्वतःच्या अक्षरात भरले होते. चौथा कोरा होता. तो तिने भरायचा होता. तिने सारी पाने उलटून पाहिली आणि हलकेच विचारले, “तुम्ही त्या दिवशी आला होतात ना?”

दुसऱ्या दिवशी साडेतीनच्या ट्रामने तो घरी आला. चारला दोघे ताटावर बसले. सांगलीहून फोन आला तेव्हा आईला पडद्यावर दोन ताटे दिसली. “आज लवकर ठेवते गं,” ती म्हणाली, “तुम्ही जेवा.”

तीन महिन्यांत सहा दिवस चुकले. एकदा ट्राम बंद पडल्या, एकदा माल उशिरा आला, बाकीच्या वेळी काम आटोपलेच नाही. त्या प्रत्येक दिवसापुढे तिने व्यापाऱ्याच्या लेकीला शोभेल असे दोनच शब्द लिहिले: ‘येणे बाकी’. जूनमधल्या लांबलचक संध्याकाळी शेल्ड नदीच्या काठी सहा फेरफटके झाले आणि ते खाते पूर्ण झाले. हिश्श्यापोटी गेलेली रक्कम मात्र कोणत्याच रकान्यात लिहिली गेली नाही.

परदेशातील व्यापार करणाऱ्या घरांतच हे घडते असे नाही. पुण्यात, नगरला, जालन्यात दुकान वाढवून रात्री नऊला घरी येणारे कर्ते पुरुष आहेत आणि त्यांच्या घरी वेळेवर, पण एकट्याने जेवणाऱ्या स्त्रियाही आहेत. लग्नाच्या वाढदिवशी त्यांना दागिना मिळतो, तो कौतुकाने दाखवलाही जातो. यंदा दागिना निवडण्याआधी एखाद्या दिवशी, न सांगता, जेवणाच्या वेळी घरी डोकावून पाहावे. ताटासमोर कोण बसले आहे, हे दिसल्यावर काय द्यायचे ते बहुधा कोणाला विचारावे लागणार नाही.