चिखल आमचा, ठेका त्यांचा

22 जुलै 2021 रोजी वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं. ते ओसरल्यावर आमच्या वाडीतल्या सात पोरांना एका दुकानदाराचा निरोप आला: गाळ काढायला या. निरोप बौद्धवाडीतच का, हे त्याने सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही. दरही ठरला नाही. दिवसभर गुडघाभर चिखल उपसला, संध्याकाळी प्रत्येकाच्या हातावर पाचशे रुपये पडले. आठवड्याने त्याच दुकानात शहरातला ठेकेदार आला. भिंती सुकवणं, प्लास्टर, वायरिंग, रंग असं छापील कोटेशन त्याने दिलं, निम्मी रक्कम आगाऊ घेतली आणि आम्हालाच हजेरीवर कामाला लावलं.

तेव्हा आजोबा सांगायचे ते वतन आठवलं. महार वतनाविरुद्ध बाबासाहेबांनी 1928 मध्ये मुंबई विधिमंडळात विधेयक मांडलं. वतन रद्द करणारा कायदा झाला 1958 मध्ये. पण पूर आला की वतन परत येतं. महाड-चिपळूणचा गाळ काढायला मोठ्या शहरांच्या महापालिकांनी सफाई कामगारांच्या तुकड्या धाडल्या. त्यात कोणत्या जातींची माणसं जास्त होती, हे या वाचकांना वेगळं सांगायला नको.

हे कोकणापुरतं नाही. तमिळनाडूत कुंभकोणम, तिरुनीलक्कुडी ही गावं ज्या कावेरीच्या सुपीक प्रदेशात येतात, त्याच्या समुद्राकडच्या टोकाला नागपट्टिणम आहे. 26 डिसेंबर 2004 च्या त्सुनामीनंतर तिथली प्रेतं आणि ढिगारे उचलायला बाहेरगावचे सफाई कामगार आणले गेले. ते बहुतेक दलित होते.

या कामाची किंमत विम्याच्या कागदावरही दिसते. 1 एप्रिल 2021 पासून आलेल्या ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसीत ढिगारा हटवण्याचा खर्च दाव्याच्या 2 टक्क्यांपर्यंत मिळतो. वास्तुविशारद, सर्वेक्षक, सल्लागार इंजिनिअर यांच्या फीसाठी मात्र 5 टक्क्यांपर्यंत. चिखलात उभं राहणाऱ्यापेक्षा चिखल मोजणाऱ्यासाठी अडीचपट तरतूद.

म्हणून आम्ही चौघांनी पूरदुरुस्तीचा धंदा काढला. गाळ ओढणारा पंप, प्रेशर वॉशर, भिंतीतली ओल मोजायचं मीटर. सोबत एक गवंडी, एक वायरमन. गाळ ओला असतानाच काढायचा. फुगलेलं प्लास्टर पाण्याच्या खुणेच्या वरपर्यंत खरवडायचं. भिंत पुरती सुकल्याशिवाय रंग नाही, वायरिंग तपासल्याशिवाय मेन स्विच चालू नाही. यातलं बरंचसं आम्हाला आधीपासून येत होतं. नव्हतं ते बिलबुक.

आणि भांडवल. स्टँड-अप इंडियात अनुसूचित जातींच्या नवउद्योजकांना 10 लाख ते 1 कोटींच्या कर्जाची तरतूद होती. आम्ही गेलो त्या बँकेत पहिला प्रश्न आला: तारण काय? पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांची घरं सावरणाऱ्यांच्या नावावर सातबारा कुठून असणार? तमिळनाडू सरकारने 2023 मध्ये अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांसाठी अण्णल आंबेडकर योजना आणली. तीत भांडवलावर 35 टक्के अनुदान आहे. कर्जाच्या जाहिरातीपेक्षा असं अनुदान आपल्याकडे जास्त कामाला येईल.

आपल्यातलेच काही जण विचारतात, बाबासाहेबांनी गावकीची घाणेरडी कामं सोडायला सांगितली आणि तुम्ही चिखलाचाच धंदा करता? प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर असं की वतनात नाही म्हणता येत नव्हतं. आज मी म्हणतो. पुरानंतर तुंबलेल्या सेप्टिक टाकीत माणूस उतरवा म्हणणारी गिऱ्हाइकं भेटतात. 2013 च्या कायद्याने ते गुन्हा आहे आणि ते काम मी घेत नाही. दर लेखी असतो. गमबूट, हातमोजे, लेप्टोच्या गोळ्या आणि कामगारांचा विमा कोटेशनमध्येच धरतो, कारण मालक झाल्यावर मीही तोच ठेकेदार होऊ शकतो, ही भीती खरी आहे.

नगरपालिकांनी पावसाळ्याआधीच अशा छोट्या दलित उद्योगांची यादी करावी, दर ठरवावेत आणि कामं लहान निविदांमध्ये वाटावीत. पुढच्या पुरात वाडीत निरोप येईलच. त्याच्या हातात या वेळी वर्कऑर्डर असली पाहिजे.