देग जमातीची, मग स्लीपिंग बॅग का नाही?

फेब्रुवारीतल्या एका रविवारी एका जुन्या विद्यार्थिनीचे वडील घरी आले. देवळाली कॅम्पात त्यांचं शिलाईचं छोटं दुकान आहे. मुलगी आता कॉलेजात, एनसीसीत. उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेच्या 28 दिवसांच्या बेसिक कोर्सला तिचं नाव लागलं होतं. त्यांच्या हातात दोन पानांची इंग्रजी यादी होती आणि पाठीमागे पेन्सिलीनं केलेली बेरीज, 22 हजारांच्या वर. नाशकातल्या एका दुकानदारानं यादीतली प्रत्येक वस्तू विकत घ्यायची असं धरून ती करून दिली होती.

"मॅडम, इतना लगता होगा तो रहने दो. लडकी को समझा दो तुम."

मी उर्दू-मराठी शिकवते. गिर्यारोहक नाही. पण बीएडच्या वर्षी मैत्रिणींबरोबर डिसेंबरात कळसूबाईला गेले होते, सुती सलवार-कमीज आणि वर अम्मीची शाल. चढताना घामानं कपडे भिजले आणि माथ्यावर वारा लागला तेव्हा दातावर दात आपटायला लागले. 1646 मीटरचा आपला डोंगर, बर्फाचा कणही नाही, तरी उतरताना शिडीचा गज हातात धरवेना. ओलं कापड अंगाची ऊब किती वेगानं खेचून घेतं हे मला तिथं कळलं. पाणी हवेच्या सुमारे 25 पट वेगानं उष्णता वाहून नेतं, हे पुस्तकात पुढे कधीतरी वाचलं.

म्हणून यादी घेऊन बसलो. मुलीला आणि तिच्या अम्मीलाही बोलावलं.

पहिली गोष्ट, आइस अ‍ॅक्स, क्रॅम्पॉन, बर्फातले बूट, हार्नेस, हेल्मेट, रकसॅक, स्लीपिंग बॅग हे सगळं अशा संस्था प्रशिक्षणार्थींना स्वतः देतात. महागडं सामान तिथंच खोडलं गेलं. उरलं ते अंगावरचं, आणि त्यात सूत जवळजवळ नाहीच. आत घाम बाहेर सोडणारं थर्मल, त्यावर लोकर किंवा फ्लीस, सगळ्यात वर वारा-पाऊस अडवणारं जॅकेट. एक जाड स्वेटर घालण्यापेक्षा तीन पातळ थर बरे, कारण चालताना एक काढता येतो आणि थांबल्यावर पुन्हा चढवता येतो. तिच्या अम्मीनं गोधडी बांधून ठेवली होती आणि दोन जीन्स. जीन्स मी हट्टानं काढायला लावल्या. भिजलेली जीन्स बर्फात वाळत नाही. गोधडीवरून मात्र वाद झाला. बाई म्हणाल्या, इथं निफाडला पारा चार-पाचावर येतो, द्राक्षबागांत शेकोट्या पेटवतात, आम्हाला काय थंडी माहीत नाही? माहीत आहे. पण ती थंडी रात्रीपुरती असते आणि पायाखाली कोरडी जमीन असते. बर्फावर झोपताना थंडी वरून कमी आणि खालून जास्त लागते. म्हणून अंगावर चौथं पांघरूण घेण्यापेक्षा अंगाखाली फोमची मॅट महत्त्वाची.

काळा चष्मा मुलीला शोभेसाठी वाटला होता. ताजं बर्फ 80 टक्क्यांपर्यंत अतिनील किरणं परत फेकतं. चष्म्याशिवाय दिवसभर चाललं तर संध्याकाळी डोळ्यांत वाळू गेल्यासारखी आग होते आणि काही काळ दिसेनासंही होतं. उलट मोज्यांचे तीन जोड एकावर एक घालायचा तिचा बेत मोडला. बूट आवळले की रक्त बोटांपर्यंत पोचत नाही, पाय आणखी गार पडतात.

मग वडिलांनी खरा प्रश्न विचारला. नमाजचं काय? पाणी गोठलेलं असेल.

हा प्रश्न आपल्या कितीतरी घरांत मुलींना घरी ठेवायला वापरला जातो, म्हणून थोडं लांबवते. वुजू करून घातलेल्या चामडी मोज्यांवर मुसाफिराला तीन दिवस तीन रात्री मसह करता येतो. साध्या जाड मोज्यांबद्दल मतभेद आहेत, ते आपापल्या आलिमांना विचारावं. थंडीनं जिवाला अपाय होणार असेल तर तय्यमुम आहे. हजरत अम्र बिन आस यांनी मोहिमेवर असताना कडाक्याच्या रात्री गुसलऐवजी तय्यमुम करून नमाज पढवली होती. किबल्यासाठी होकायंत्र सामानात असावंच. गंमत म्हणजे देवळालीहून किबला पश्चिमेच्या किंचित उत्तरेला आणि उत्तरकाशीहून किंचित दक्षिणेला पडतो. डोक्याला लोकरीचा कानटोप लागतोच, तो कान, मान, केस सगळं झाकतो.

भीती मात्र मी उडवून लावली नाही. ऑक्टोबर 2022 मध्ये द्रौपदी का डांडा-2 शिखरावर याच संस्थेच्या तुकडीवर हिमस्खलन कोसळलं आणि दोन डझनांहून अधिक माणसं गेली. ती प्रगत कोर्सची तुकडी होती, ही बेसिकची, एवढं सांगून बाप निश्चिंत होत नाही. व्हावं अशी माझी अपेक्षाही नव्हती. पण त्यांना थांबवत होती ती ही बातमी नव्हती. ती त्यांना ठाऊकच नव्हती. त्यांना थांबवत होती पेन्सिलीची बेरीज.

आणि माझं भांडण तिथंच आहे. लग्नाच्या देगा, दऱ्या, मोठी पातेली आपल्याकडे जमातीची असतात. कुणी बिर्याणीसाठी नवी देग विकत घेत नाही. नेतो, घासून परत आणून देतो. शंभर जणांचा स्वयंपाक उघड्यावर करायचं सामान आपण पिढ्यानपिढ्या सांभाळू शकतो, तर चार स्लीपिंग बॅगा, चार मॅट, दोन रकसॅक आणि थर्मलचे काही जोड एका लोखंडी पेटीत का ठेवू शकत नाही? खासगी ट्रेकला जाणाऱ्या पोरांना तर संस्था काही देत नाही. त्यातलं बरंचसं सामान आयुष्यात एकदा वापरलं जातं आणि मग माळ्यावर पडतं. पुन्हा आपल्यात उमऱ्याला निघालेल्यांना हार घालायला अख्खा मोहल्ला येतो. डोंगरावर निघालेल्या मुलीला मोजे द्यायला कोण येतं?

त्या दिवशी यादी सव्वा पान खोडून झाली. उरलेली खरेदी 4,000 च्या आत बसली. वरचं जॅकेट शेजारच्या फौजी कुटुंबानं दिलं. कोपराला फाटलं होतं, वडिलांनीच दुकानात ठिगळ लावलं आणि शिवण मेणानं घासली, पाणी आत जाऊ नये म्हणून.

ती मे महिन्यात परत आली, नाकाचा शेंडा सोललेला. जॅकेट धुऊन, घडी घालून माझ्याकडे ठेवून गेली, होकायंत्रासकट. पेटी अजून घ्यायची आहे.