नवसाला घातलेली अट

किल्लारी-सास्तूरच्या टापूत देवावरच्या शंकेबद्दल लिहायचं तर ३० सप्टेंबर १९९३ टाळता येत नाही. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. गणपती बोळवून लोक झोपले आणि पहाटे चारच्या सुमारास जमीन हलली. किल्लारी, सास्तूर कोसळलं. हजारो माणसं गेली. देव कुठे होता, हा प्रश्न त्या पहाटेनंतर पुस्तकी राहिला नाही.

मराठी लोकसंगीताने असल्या प्रश्नाला फार आधी जागा करून दिली होती, तीही हसत. सोळाव्या शतकात एकनाथांनी भारुडात एक सून उभी केली. ती भवानीला रोडगा कबूल करते आणि बदल्यात सासरची एकेक माणसं उचलायला सांगते. नवसाचा सौदा असा चव्हाट्यावर येतो, आणि हसणाऱ्यांत नवस बोललेलेच जास्त असतात! सासर म्हणजे मनातले विकार, हा अर्थ खराच. पण तो कळण्याआधी माणूस पोट धरून हसतो, ते हसूही एकनाथांनीच दिलेलं आहे.

तमाशात तर गणात गणपतीला वंदन झालं, की गवळणीत मावशी थेट कृष्णाचीच उलटतपासणी घेते. वंदन आणि थट्टा एकाच फडावर, एकाच ढोलकीवर. श्रद्धा इतकी धीट असू शकते, याचं मला मोठं अप्रूप आहे.

म्हणूनच थट्टा गाळून निव्वळ अध्यात्म उरवलेल्या भारुडांच्या संहिता या अंकात आम्ही घेतलेल्या नाहीत.