शेजारच्या डिपार्टमेंटचं दार वाजवा

‘या भूमितीचा उपयोग काय?’ मॅथ्स घेतलेल्या प्रत्येकाला कॅन्टीनमध्ये हा प्रश्न एकदा तरी ऐकावा लागतो. विचारणारा बहुतेक वेळा फिजिक्सचाच असतो. चहा संपतो, दोघं आपापल्या डिपार्टमेंटला जातात. आम्ही मास कॉमवाले शेजारच्या टेबलावरून मजा बघतो. पण यात नुकसान दोघांचंही आहे, असं इतिहास सांगतो.

१८५४ साली जर्मनीतल्या गॉटिंगेनमध्ये बर्नहार्ड रीमान या २७ वर्षांच्या तरुणाने एक व्याख्यान दिलं. जागा सपाट नसून वाकलेली असेल, तर तिथली अंतरं मोजायची कशी? प्रश्न भन्नाट, पण तेव्हा व्यवहारात त्याचा काही उपयोग नव्हता. १९१२मध्ये आइन्स्टाइन गुरुत्वाकर्षणाच्या कोड्यात अडकला, तेव्हा त्याने जुन्या वर्गमित्राला गाठलं. हा मार्सेल ग्रोसमन. याच्याच नोट्सवर आइन्स्टाइनने कॉलेजच्या परीक्षा काढल्या होत्या! आता गणिताचा प्राध्यापक झालेल्या ग्रोसमनने त्याला रीमानची भूमिती दाखवली. १९१५मध्ये व्यापक सापेक्षता सिद्धान्त पूर्ण झाला. आज जीपीएसच्या उपग्रहांवरची घड्याळं सापेक्षतेमुळे दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात. ती दुरुस्ती केली नाही, तर मोबाइल आपल्याला भलत्याच गल्लीत नेईल.

हा रस्ता एकतर्फी नाही. १९९१मध्ये स्ट्रिंग थिअरीवाल्या भौतिकशास्त्रज्ञांनी एका सहा मितींच्या आकारावर ठरावीक प्रकारचे वक्र किती, याचं उत्तर दिलं : ३१,७२,०६,३७५. नॉर्वेच्या दोन गणितज्ञांचा कॉम्प्युटर वेगळाच आकडा सांगत होता. शेवटी चूक निघाली ती गणितज्ञांच्या प्रोग्रॅममध्ये. स्ट्रिंग थिअरीला प्रयोगाचा पुरावा आजही मिळालेला नाही, पण तिने भूमितीला नवी दारं उघडून दिली, हे खरंच.

आणि हे सगळं फक्त परदेशात घडतं असंही नाही. मुंबईत कुलाब्याच्या टीआयएफआरमध्ये एम. एस. नरसिंहन आणि सी. एस. शेषाद्री यांनी १९६५मध्ये एक प्रमेय प्रसिद्ध केलं. निव्वळ शुद्ध गणित. १९८३मध्ये सायमन डोनाल्डसनने त्याच प्रमेयाची नवी सिद्धता दिली. तीही कशाच्या आधारे? मूलकणांच्या फिजिक्समधून आलेल्या यांग-मिल्स कल्पनांच्या!

आता आपल्याकडे बघा. दोन्ही डिपार्टमेंट्स एकाच मजल्यावर, पण सेमिनार वेगळे, नोटीस बोर्ड वेगळे, ग्रुपही वेगळे. सिलॅबस बदलायला वर्षं लागतील. पण महिन्यातून एक एकत्र लेक्चर ठेवायला कोणाची परवानगी लागते? एचओडींना एकदा विचारून तर बघा.

प्रत्येक भूमितीला तिचा आइन्स्टाइन भेटेलच, असं नाही. काही प्रमेयं कदाचित कायम कागदावरच राहतील. म्हणून ‘उपयोग काय?’ विचारूच नये, असं आमचं म्हणणं नाही. फक्त तो टोमणा म्हणून मारू नका, खरोखर विचारा आणि उत्तर ऐकायला थांबा. आइन्स्टाइननेही शेवटी मित्राकडे मदतच मागितली होती. तुमचा ग्रोसमन कदाचित कॅन्टीनमध्ये समोरच बसलाय.