दर्यावरचें जिणें आणि किनाऱ्यावरची हयगय

आमच्या मेढ्यास समुद्राचें दर्शन नाहीं. वेण्णेचें पाणी माहुलीस कृष्णेंत मिळून पूर्वसमुद्रास जातें, एवढाच काय तो आमचा दर्याशीं संबंध. तथापि आतां घाटावरचीं मुलेंहि व्यापारी जहाजांवर नोकरी धरूं लागलीं आहेत. बौधायनानें ज्या समुद्रगमनास पातकांत गणिलें, त्याचेंच आज पगाराच्या आंकड्यावरून कौतुक होतें. निषेध गेला हें बरेंच झालें. परंतु या जिण्याचा खरा जाच कशांत आहे, हें घरच्या वडील मंडळींनीं जाणून घेतलें पाहिजे.

खलाशाचा वैरी वादळ, असा सर्वसाधारण समज आहे. इतिहास कांहीं निराळेंच सांगतो. पूर्वीं लांबच्या सफरींत ताज्या अन्नावांचून हिरड्या सुजून खलाशी मरत. १७४७ मध्यें जेम्स लिंड नामक जहाजावरील वैद्यानें बारा रोग्यांवर निरनिराळे उपचार करून पाहिले. त्यांत संत्रीं व लिंबें दिलेले दोघे झपाट्यानें सुधारले. तरीहि इंग्रजी आरमारांत लिंबाचा रस नियमानें देण्याचें ठरण्यास १७९५ साल उजाडलें! मधल्या ४८ वर्षांत जे दगावले, त्यांचा दोष समुद्राच्या माथीं कसा मारावा?

१८ फेब्रुवारी १९४६ रोजीं मुंबईस 'तलवार' या आरमारी ठाण्यावर हिंदी नाविकांनीं अन्न नाकारून संप आरंभिला, त्याच्या मुळाशींहि निकृष्ट जेवण व अपमानाची वागणूक हींच होतीं. पुढें २०२० मध्यें महामारीच्या भयानें देशोदेशींच्या सरकारांनीं निर्बंध घातले, तेव्हां सुमारें ४ लाख खलाशी करार संपूनहि जहाजांवरच अडकून पडले. दर्या शांत, जहाज धड. उतरूं देणारा मात्र कोणी नाहीं, अशी ती स्थिति!

आज कायद्याचा आधार आहे. २००६ चा सागरी श्रमविषयक आंतरराष्ट्रीय करार आपल्या देशानें २०१५ मध्यें स्वीकारिला. त्यांत दिवसास किमान १० व आठवड्यास ७७ तास विश्रांतीचें मान घालून दिलें आहे. नोकरी लावून देण्याबद्दल खलाशाकडून दलाली घेण्यासहि मनाई आहे. परंतु कागदावरचा कायदा वाचणाऱ्यासच उपयोगी पडतो.

म्हणून आमचें वाचकांस सांगणें एवढेंच. नोकरी देणाऱ्या मध्यस्थाजवळ मुंबईच्या नौवहन महासंचालनालयाचा परवाना आहे कीं नाहीं, हें आधीं पाहावें. तो पैसे मागेल तर तेथूनच परतावें. करारपत्र घरांत सर्वांसमक्ष वाचावें: मुदत किती, परतीचा खर्च कोणाचा, आजारपणीं जबाबदारी कोणाची. आणि मुलगा घरीं आला, म्हणजे "आतां पुन्हां केव्हां जाणार?" हा प्रश्न निदान आठवडाभर कोणी विचारूं नये. रात्रीबेरात्रीं पाळीचा पहारा करून आलेल्या त्या जीवास पोटभर झोपूं द्यावें. दर्या आपल्या हातीं नाहीं. किनाऱ्यावरची हयगय टाळणें मात्र सर्वस्वीं आपल्याच हातीं आहे.