घड्याळ काठावर ठेवा!

हौसेला मोल नाही, असे आपल्याकडे म्हणतात. लग्नकार्यात, सणावारी, जत्रेत ही म्हण शोभूनही दिसते. सारंगखेड्याच्या यात्रेत कोणी आपल्या घोड्याला नटवून आणले तर त्याला कोणी नावे ठेवीत नाही. परंतु अलीकडे एक हौस अशी दिसू लागली आहे की, तिच्याविषयी दोन शब्द स्पष्टपणे लिहावेत असे मला वाटते.

सुट्टी लागली की आपल्या भागातील तरुण मंडळी गोव्याला, मालवणला, नाहीतर कोलाडला कुंडलिका नदीवर जातात. लाटांवर स्कूटर पळवतात, फुगवलेल्या रबरी होडीतून खळाळत्या पाण्यात उतरतात. जाताना चपला काढतात, पाकीट काठावरच्या मित्राजवळ देतात. मनगटावरचे लाखाचे घड्याळ मात्र जागच्या जागी असते. कारण उघड आहे. फोटोत ते दिसले पाहिजे! कोणी हटकलेच तर उत्तर तयार असते, "अहो, हे वॉटरप्रूफ आहे. शंभर मीटरपर्यंत काही होत नाही."

हे शंभर मीटर म्हणजे काय, हे आपण समजून घेतले पाहिजे. पाण्यात दर दहा मीटर खोलीला सुमारे एक वातावरणाइतका दाब वाढतो. घड्याळावर शंभर मीटर लिहिले असेल तर ते घड्याळ नवे असताना, स्थिर ठेवून, दहा वातावरणांच्या दाबाखाली तपासले गेले, एवढाच त्याचा अर्थ. कोलाडच्या होडीत कोणी शंभर मीटर खोल जात नाही, हे खरे. तिथे दाब हा प्रश्नच नाही. सेकंदाला दहा मीटर वेगाने पाणी कापले तरी दाब जेमतेम अर्ध्या वातावरणाने वाढतो. तिथे भीती आहे ती दणक्याची. वल्ह्याचा दांडा, खडक, शेजाऱ्याचे शिरस्त्राण यांवर मनगट आपटते. चावीच्या घड्याळात जे चाक सतत मागेपुढे डोलत असते, त्याच्या आसाची टोके केसासारखी बारीक असतात. धक्का सोसण्याची सोय आता घड्याळात केलेली असते, पण तिलाही मर्यादा आहे.

शिवाय पाणी अडविणारी वस्तू कोणती? सोने नव्हे, हिरा नव्हे, तर झाकणाखालची आणि चावीजवळची रबराची बारीक कडी. घामाने, साबणाने, खाऱ्या पाण्याने आणि वयाने ती कडक होते. वेळ लावताना ओढलेली चावी नीट आत दाबायची राहिली, तर लाखाचे घड्याळ आणि शंभराचे घड्याळ पाण्याला सारखेच. नामांकित कारखानेसुद्धा हल्ली 'वॉटरप्रूफ' हा शब्द टाळून 'पाण्याला विरोध करणारे' एवढेच म्हणतात, ते उगाच नव्हे. आणि घड्याळात थेंबभर पाणी न शिरताही ते जाऊ शकते. पट्टा आणि घड्याळ यांना जोडणाऱ्या दोन बारीक पिना असतात. त्यातील एक निसटली की घड्याळ तळाला जाते. तेथे ते अगदी व्यवस्थित चालत राहील, पण वेळ पाहणार मासे!

या प्रकरणी एका परदेशी बाईंची गोष्ट सांगण्यासारखी आहे. रोलेक्स कंपनीने १९२६ साली 'ऑयस्टर' नावाचे, पाणी आत न शिरणारे घड्याळ काढले. पुढच्याच वर्षी ७ ऑक्टोबरला मर्सिडीज ग्लाइट्झ यांनी इंग्लिश खाडी पोहून पार केली. त्यांच्यानंतर थोड्याच दिवसांत दुसऱ्या एका बाईंनी खाडी पोहल्याचा खोटा दावा केला आणि त्यामुळे सगळ्याच पोहणाऱ्यांवर संशय आला. म्हणून २१ ऑक्टोबर १९२७ रोजी ग्लाइट्झ पुन्हा पाण्यात उतरल्या. या वेळी त्यांच्या गळ्यात ते घड्याळ होते. दहा तासांहून अधिक वेळ त्या गारठवणाऱ्या पाण्यात झुंजल्या आणि अखेर त्यांना नावेत ओढून घ्यावे लागले. घड्याळ मात्र बिनचूक चालत होते. नोव्हेंबरमध्ये 'डेली मेल'च्या पहिल्या पानावर त्या घड्याळाची मोठी जाहिरात झळकली.

जाहिरात खोटी नव्हती. पण तीतून जो धडा आपण घ्यायचा तो मात्र कोणी घेत नाही. घड्याळ टिकले, माणूस टिकू शकला नाही, हा तो धडा. कंपनी हमी देते ती घड्याळाची. मनगटाची हमी तिने कधीच दिलेली नाही.

यावर कोणी म्हणेल, "मग समुद्रावर जाणारे घड्याळ वापरीत नाहीत काय?" जरूर वापरतात. नौदलाचे अधिकारी दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये 'म्हादेई' या गोव्यात बांधलेल्या शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. असा मान मिळविणारे ते पहिले भारतीय. आज उपग्रहांमुळे जागा लगेच कळते. पण पूर्वी आकाशातील ताऱ्यांवरून रेखांश काढताना घड्याळ चार सेकंद चुकले, तर विषुववृत्ताजवळ हिशेब सुमारे एक सागरी मैल, म्हणजे १.८५ किलोमीटर चुकत असे. तेथे घड्याळ दागिना नव्हते, डोळा होते. पाण्याखाली बुडी मारणाऱ्यालाही किती मिनिटे झाली हे कळलेच पाहिजे. त्याच्या घड्याळाची बाहेरची कडी एकाच दिशेने फिरते. चुकून धक्का लागला तर गेलेला वेळ जास्त दिसावा, कमी दिसू नये, आणि माणूस लवकर वर यावा, यासाठी ही योजना. ज्या बुद्धीने ही कडी घडवली त्या बुद्धीला मी नमस्कार करतो. पण फोटोसाठी घड्याळ मिरविणाऱ्याला त्या कडीचा उपयोग तरी ठाऊक असतो का?

आणि ज्याला खरोखरच दणके खायचे आहेत, त्याच्यासाठी सोय आहेच. जपानमधील किकुओ इबे या अभियंत्याच्या हातून वडिलांनी दिलेले घड्याळ पडून फुटले. त्या दुःखातून त्यांनी न फुटणारे घड्याळ करण्याचा ध्यास घेतला. सुमारे दोनशे नमुने करून पाहिल्यावर १९८३ साली कॅसिओ कंपनीचे 'जी-शॉक' बाजारात आले. ते प्लॅस्टिकचे, दिसायला ओबडधोबड आणि उंची घड्याळांच्या मानाने किमतीत कितीतरी कमी. म्हणजे टणकपणा आणि किंमत यांचा काही नातेसंबंध नाही. सोन्याची सुरी झाली म्हणून ती कोणी उरी मारून घेत नाही!

आपल्या खानदेशाला तर ही शिकवण नवी नाही. चाळीसगावजवळच्या पाटण येथे भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याचा शिलालेख आहे. त्याच भास्कराचार्यांच्या लीलावतीची आख्यायिका आपण लहानपणापासून ऐकतो. मुहूर्तासाठी पाण्यात घटिकापात्र सोडले होते. बुडाला बारीक छिद्र असलेली ही वाटी चोवीस मिनिटांत भरते आणि बुडते. लीलावती वाकून पाहू लागली, तिच्या दागिन्यातला मोती वाटीत पडला, छिद्र बुजले आणि मुहूर्त टळून गेला. इतिहास म्हणून या गोष्टीला पुरावा नाही. पण तिच्यात शहाणपण आहे. पाण्याजवळ दागिना नेला आणि वेळ चुकली! माणसाचा अंत जवळ आला की 'घटका भरली' असे आपण म्हणतो, तेही याच वाटीवरून.

खळाळत्या पाण्यात असा एक क्षण येतो. होडी कलते, दोर पकडायचा असतो. त्या क्षणी ज्याचा उजवा हात डाव्या मनगटाकडे घड्याळ सावरायला जातो, त्याच्या हातून दोर सुटतो. माणूस प्रवाहात पडला तर पाठीवर राहून पाय पुढे ठेवावेत, असे वाटाडे बजावतात. ते ऐकायचे सोडून तो पट्टा चाचपीत बसतो. "पैसा माझा, गेला तर माझा जाईल," हे म्हणणे येथे पटत नाही. घड्याळ त्याचे असेल, होडी सर्वांची आहे. त्याच्या धातूच्या पट्ट्याचा फटका शेजाऱ्याच्या तोंडावर बसतो, आणि त्याला वाचवायला उडी घेणारा कोणाचा तरी मुलगा असतो.

आपण सातपुडा आणि तापी यांच्या मधली माणसे. आपल्याच जिल्ह्यात, धडगाव तालुक्यातील भुषा येथे, १५ जानेवारी २०१९ रोजी संक्रांतीनिमित्त नर्मदेच्या पूजेला निघालेल्या लोकांची नाव उलटली आणि काहींचे प्राण गेले. ती माणसे पाण्याशी खेळायला गेली नव्हती. ही घटना ज्या जिल्ह्यात घडली, तेथील तरुणांनी पाण्यात उतरताना मनगटाचा विचार आधी आणि छातीवरच्या जाकिटाचा नंतर करावा, हे मला बरे वाटत नाही.

आपले पुरुषोत्तमनगर साखर कारखान्याचे गाव. हिशेब आपल्याला टनांत समजतो. टनाला तीन हजार भाव धरला, तर लाखाचे घड्याळ म्हणजे तेहतीस टन ऊस. जवळपास एकराचे पीक आणि वर्षभराचे पाणी देणे. दुसऱ्या बाजूने पाहा. एक चांगले तरंगते जाकीट दोन हजारांचे धरले, तरी तेवढ्याच पैशांत पन्नास जाकिटे येतात. पन्नास माणसांची एक नाव त्यात सुरक्षित होते. घड्याळ विकून जाकिटे घ्या, असे मी म्हणत नाही. कष्टाच्या पैशाने घेतलेले घड्याळ लग्नात, समारंभात खुशाल मिरवावे. मागच्या पिढीने जपून जपून वापरलेली एच.एम.टी.ची घड्याळे अजून काही घरांत आहेत. तो कारभार २०१६ साली गुंडाळला गेला, पण ती घड्याळे टिकली. प्रकाशाच्या घाटावर तापीत उतरताना घड्याळ काढून टोपीत ठेवणारी माणसे भित्री नव्हती. त्यांना वस्तूची किंमत कळत होती आणि नदीचीही.

म्हणून मित्रहो, माझी सूचना साधी आहे. यापुढे आपल्या महाविद्यालयाची सहल नदीवर किंवा समुद्रावर जाईल, तेव्हा दोन नियम करावेत. घड्याळे, अंगठ्या, साखळ्या एका पिशवीत घालून काठावर एकाने सांभाळाव्यात; आणि ज्याच्या अंगावर जाकीट नाही त्याला नावेत घेऊ नये, मग तो प्राचार्यांचा पाहुणा का असेना. इंग्लिश खाडी पोहणाऱ्यांची वेळसुद्धा सोबतच्या नावेतील निरीक्षक मोजतो. आपली वेळ काठावरच्या मित्राने मोजली, तर बिघडले कुठे?