गुंठा, आर आणि औंढा

हिंगोली जिल्ह्यात जमिनीचा सौदा गुंठ्यात बोलला जातो, सातबाऱ्यावर मात्र हेक्टर-आर असतात. ३३ फूट बाय ३३ फूट म्हणजे गुंठा. तो भरतो १०१.१७ चौरस मीटर, आणि आर नेमका १००. बोलण्यात दोन्ही एकच. एवढ्या फरकावरून कोणी कोर्टात जात नाही. (जातात ते बांधावरून.)

औंढा नागनाथजवळ दुधाळ्याला होऊ घातलेल्या लायगो-इंडिया या गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेला ही सूट परवडणारी नाही. ११ मे २०२३ रोजी तिची पायाभरणी झाली. काटकोनातल्या दोन भुजा, प्रत्येकी ४ किलोमीटर. गुरुत्वीय लहर आली की त्यांची लांबी बदलणार, तीही प्रोटॉनच्या व्यासाच्या शंभराव्या भागाहून कमी. इतके अंतर मोजले म्हणायचे, तर ते कोणत्या पट्टीशी पडताळले?

अमेरिकेतल्या दोन लायगोंत ४० किलोचा टांगलेला आरसा दुसऱ्या एका लेसरने मुद्दाम ढकलतात. प्रकाशाचा दाब किती, हे लेसरच्या वॅटवरून कळते; आरसा किती हलला, हे त्या बलावरून आणि आरशाच्या वस्तुमानावरून. गणित बीएस्सीच्या पहिल्या वर्षाचे. प्रकाशवेग १९८३पासून व्याख्येनेच ठरलेला, २९,९७,९२,४५८ मीटर प्रतिसेकंद. तिथे चुकायला जागा नाही. चूक शिरते ती वॅट मोजताना. म्हणून तिथला पॉवरमीटर राष्ट्रीय मानकाशी ताडून घेतात, आणि या लेसरपुरती अनिश्चितता एक टक्क्याच्या आत आणली आहे.

आपल्या गुंठा-आरातला फरक याहून मोठा आहे! पण तिथे एक टक्काही महत्त्वाचा, कारण लहरीच्या उंचीवरून स्रोताचे अंतर निघते. १७ ऑगस्ट २०१७ला टिपलेल्या न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीवरून हबल स्थिरांक सुमारे ७० किलोमीटर प्रतिसेकंद प्रति मेगापार्सेक काढला गेला, तो याच वाटेने. उंचीत एक टक्का चुकलो, तर अंतरात आणि स्थिरांकातही तेवढेच चुकणार.

आणि आपण शिकवणारे? एकके आणि मापन हे प्रकरण दोन तासांत उरकतो. मीटरची व्याख्या, दोन गुण, पुढे चला. २० मे २०१९पासून किलोग्रॅम प्लांक स्थिरांकावर बेतला आहे, हे मुलांना पाठ असते; समोरचा तराजू त्या किलोग्रॅमपर्यंत कसा पोचतो, हे कोणी विचारत नाही. हळदीच्या आडतीवरचा काटा ठरावीक मुदतीने वैधमापनाच्या निरीक्षकापुढे जातो, त्यावर शिक्का बसतो. कॉलेजच्या प्रयोगशाळेतला तराजू शेवटचा कधी, कोणत्या वजनाशी पडताळला? नोंदवही काढून पाहा. सापडलेली तारीख आम्हाला कळवा. नोंदच नसली, तर तेही.